आजी शेतात बाळंत व्हायची, मग तपासण्या कशाला?

भाताची लावणी चालू होती, कळा आल्या, बाई बांधाच्या आडोशाला गेली, विळ्याने नाळ कापली, पोर पदरात गुंडाळलं आणि दिवेलागणीला घरी येऊन भाकऱ्या थापायला बसली. ही गोष्ट महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांत कुणा ना कुणा आजीच्या नावावर सांगितली जाते. डोहाळजेवणाच्या पंगतीत ती निघते, दवाखान्यात रांग लांबली की बाकावर निघते आणि हल्ली मोबाइलवरच्या निरोपांतूनही फिरते. सांगून झाली की पुढचं ठरलेलं असतं. बाळंतपण काही आजार नाही, मग दर महिन्याला रक्त काढा, बीपी मोजा, लघवी तपासा, हे सगळं कशाला? डॉक्टरांचे धंदे!

बाळंतपण हा आजार नाही, हे शंभर टक्के खरं आहे. पण त्या खऱ्या वाक्याचं बोट धरून जो निष्कर्ष घरात शिरतो, तो बायकांच्या जिवावर बेततो. तो सांगणाऱ्याला त्याची किंमत मोजावी लागत नाही, म्हणून तर तो इतका सहज सांगितला जातो. तेव्हा त्यातला एकेक मुद्दा नीट तपासायला हवा.

आधी आजीची साक्ष. ती खोटी नाही, पण साक्षीदार कोण हे पाहावं लागतं. शेतात बाळंत होऊन जगलेल्या बाईलाच नातवंडांना गोष्ट सांगता येते. जिची वार अडकली आणि जी अंगावरून जाऊन काही तासांत संपली, तिची गोष्ट सांगायला ती उरली नाही. घरात दुसरी बायको आली आणि पहिलीचं नावही पुढच्या पिढीला ठाऊक राहिलं नाही. स्वातंत्र्याच्या तोंडावर, १९४६ साली, भोर समितीने देशाच्या आरोग्याचा अहवाल दिला. दर हजार जन्मांमागे सुमारे २० माता दगावतात, म्हणजे वर्षाला जवळपास दोन लाख, असा तिचा अंदाज होता. त्या हिशेबाने आठ बाळंतपणं होणाऱ्या बाईचं ढोबळ गणित मांडलं, तर सात जणींतली एक कुठल्या ना कुठल्या खेपेला जायची. आजचे आकडे लाखात मोजतात. भोर समितीचा अंदाज लाखामागे दोन हजार होतो. २०१८-२० च्या नमुना नोंदणी पाहणीत देशाचा आकडा ९७ वर आला होता आणि महाराष्ट्राचा ३३ वर.

ही सगळी घट तपासण्यांमुळे झाली असं कुणी शहाणा म्हणणार नाही. प्रतिजैविकं आली, रक्त मिळू लागलं, लग्नाचं वय वाढलं, खेपा कमी झाल्या, या सगळ्यांचा त्यात वाटा आहे. पण औषध कुणाला द्यायचं, रक्त कुणासाठी तयार ठेवायचं, कुणाला वेळेत तालुक्याला हलवायचं हे कळायला आधी कुणीतरी काहीतरी मोजलेलं असावं लागतं.

आणि खुद्द आज्या तरी बाळंतपण सोपं मानत होत्या का? बाळंतपण म्हणजे बाईचा पुनर्जन्म, असं त्याच म्हणत. बाळंतपणात गेलेल्या बाईची अळवंतीण होते ही समजूत त्यांच्याच काळातली. पाचव्या-सहाव्या दिवशी सटवाईची पूजा होई, आणि घाणेरड्या विळ्याने कापलेल्या नाळेतून होणारा धनुर्वातही बाळाला पहिल्या आठवड्याच्या आसपासच गाठत असे. ज्या समाजाला बाळंतपणात मेलेल्या बायकांसाठी वेगळं भूत कल्पावं लागलं, त्या समाजात हे मृत्यू विरळ नसणार. आई आणि नवजात बाळ यांच्या धनुर्वाताचं भारतातून निर्मूलन झाल्याचं २०१५ साली जाहीर झालं. गरोदरपणातल्या इंजेक्शनांचा आणि स्वच्छ बाळंतपणाचा तो परिणाम होता.

आज्यांचाच हवाला द्यायचा, तर आनंदीबाई जोशी यांचाही द्यावा. चौदाव्या वर्षी त्या आई झाल्या आणि बाळ दहा दिवसांत गेलं. त्यानंतर त्या शिकायला फिलाडेल्फियाला गेल्या, १८८६ साली डॉक्टर झाल्या आणि प्रबंधाला विषय निवडला तो हिंदूंमधल्या प्रसूतिशास्त्राचा.

जुन्या काळाची नोंदच नाही, असा बचाव कुणी करील. मग नोंद असलेली घरची बाळंतपणं पाहू. गडचिरोलीत डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग आणि त्यांच्या ‘सर्च’ संस्थेतल्या सहकाऱ्यांनी नव्वदच्या दशकात ३९ गावांतल्या ७७२ बायकांची बाळंतपणं आणि त्यानंतरचे दिवस घरोघरी जाऊन टिपले. या बायका कष्टकरी होत्या आणि बाळंतपणं घरीच होत होती. म्हणजे आजीच्या गोष्टीतलं सगळं साहित्य तिथे होतं. तरी जवळपास निम्म्या बायकांना काही ना काही त्रास झाला, तिघींतल्या एकीला वैद्यकीय मदतीची गरज होती, आणि १५.३ टक्के बायकांना तातडीच्या प्रसूतिसेवेची. शंभरातल्या पंधरा बायकांची ही गोष्ट पंगतीत कुणी सांगत नाही.

दुसरा मुद्दा कष्टाचा. ‘आताच्या पोरींना जात्यावर बसायला नको, विहिरीचं पाणी शेंदायला नको, म्हणून तर हे बीपी आणि शुगरचे चोचले.’ शरीर मजबूत असेल तर बाळंतपणाचं भय नाही, हा समज जगभर आहे. त्याला उत्तर म्हणून २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमधला अमेरिकेचा महिलांचा चार गुणिले शंभर मीटर रिलेचा संघ पुरेसा आहे. सुवर्णपदक जिंकलेल्या त्या चौघींपैकी तिघींच्या गरोदरपणात मोठं संकट आलं. ॲलिसन फेलिक्सला २०१८ साली गंभीर प्रीएक्लॅम्पसिया, म्हणजे गरोदरपणात रक्तदाब वाढण्याचा विकार, झाला आणि बत्तिसाव्या आठवड्यात सिझेरियन करावं लागलं. टियाना बार्टोलेटाची प्रसूती सव्विसाव्या आठवड्यातच झाली. शेवटचा टप्पा धावणारी टोरी बोवी २०२३ साली, आठ महिन्यांची गरोदर असताना, फ्लोरिडातल्या घरी एकटीच मृतावस्थेत सापडली. वय ३२. शवविच्छेदनाच्या अहवालात श्वसनाचा त्रास आणि एक्लॅम्पसिया, म्हणजे त्याच विकारातले झटके, यांची शक्यता नोंदवली होती. जगात यांच्याहून मजबूत पायांच्या बायका शोधून सापडणार नाहीत. पण प्रीएक्लॅम्पसियाचं मूळ पायांत नसतं, ते वारेत असतं. गरोदरपणाच्या सुरुवातीला वारेकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या नीट रुंद झाल्या नाहीत, की पुढे त्याचे परिणाम आईच्या मूत्रपिंडावर, यकृतावर, मेंदूवर होतात. जात्यावर दळून त्या रक्तवाहिन्या रुंद होत नाहीत.

तिसरा मुद्दा आहाराचा. ‘घरचं दूध-तूप, डिंकाचे लाडू, हिरव्या पालेभाज्या पोटात असल्या की डॉक्टर लागत नाही.’ सकस अन्न हवंच. ज्या देशात पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ५२.२ टक्के गरोदर बायकांच्या अंगात रक्त कमी आढळलं, तिथे अन्नाचं महत्त्व नाकारणारा मूर्ख ठरेल. पण अन्न पुरेसं आहे का, याचीही एकदा परीक्षा झालेली आहे, आणि ती कुणी मुद्दाम घेतलेली नव्हती. अमेरिकेच्या इंडियाना राज्यात ‘फेथ असेंब्ली’ नावाचा एक धार्मिक पंथ होता. पंथातले लोक खाऊनपिऊन सुखी होते, पण श्रद्धेपायी डॉक्टरची पायरी चढत नसत. गरोदरपणात तपासणी नाही, बाळंतपणात दवाखाना नाही. १९७५ ते १९८२ या काळातल्या त्यांच्या बाळंतपणांचा अभ्यास १९८४ साली प्रसिद्ध झाला. राज्यातल्या इतर बायकांमध्ये मातामृत्यूचं प्रमाण लाखामागे ९ होतं, या पंथात ८७२. पंथाची बाळंतपणं काही शेकड्यांतच होती, म्हणून नेमक्या आकड्यावर फार भार टाकू नये, पण सुमारे शंभर पटींचा फरक योगायोगात बसत नाही. देश तोच, अन्न तेच, रस्ते तेच. नव्हती ती फक्त देखरेख, आणि गरज पडल्यावर मिळणारे उपचार.

‘पहिली दोन सुखरूप झाली, तिसऱ्याला काय होतंय?’ हे वाक्य लेकुरवाळ्या बाईला हमखास ऐकवलं जातं. मुमताज महलची आधीची तेरा बाळंतपणं झाली होती. चौदाव्या खेपेला, जून १६३१ मध्ये, तापीकाठच्या बुऱ्हाणपुरात ती गेली. प्रसूतीनंतरचा रक्तस्राव हे कारण सहसा सांगितलं जातं. हकीम, दाया, खजिना, कशालाही तोटा नव्हता. उलट खेपा वाढत जातात तसा धोका वाढतो, कारण वारंवार ताणलेलं गर्भाशय बाळ बाहेर आल्यावर घट्ट आवळलं जात नाही आणि रक्त वाहत राहतं. रक्तगटाचं प्रकरण तर याहून छुपं. आई आरएच निगेटिव्ह आणि बाळ पॉझिटिव्ह असेल, तर पहिलं मूल सहसा धडधाकट जन्मतं. त्या बाळंतपणात बाळाचं रक्त आईच्या रक्तात मिसळलं की आईचं शरीर त्याच्याविरुद्ध प्रतिकारकं तयार करतं आणि ती पुढच्या बाळाच्या रक्तपेशींवर हल्ला करतात. १९६८ सालापासून यावर अँटी-डी इंजेक्शन आहे. पण ते द्यायचं तर रक्तगट ठाऊक हवा. म्हणजे इथे पहिल्या खेपेचं सुख हीच दुसऱ्या खेपेची फसवणूक असते.

या सगळ्याच्या मुळाशी एक गैरसमज आहे. धोका असेल तर बाईला जाणवेलच, असं लोक धरून चालतात. जाणवत नाही, हीच तर अडचण आहे. प्रीएक्लॅम्पसियात विसाव्या आठवड्यानंतर रक्तदाब १४० वर ९० च्या पुढे गेला, लघवीतून प्रथिनं जाऊ लागली, तरी बाई धुणंभांडी करत असते. पाय सुजले तर ‘गरोदरपणात सुजतातच’ म्हणून सोडून दिलं जातं. डोकं ठणकणं, डोळ्यांपुढे अंधारी, छातीखाली बरगड्यांपाशी दुखणं ही लक्षणं येतात तेव्हा वेळ कमी उरलेला असतो, आणि कधी थेट झटकेच येतात. मग ते अंगात आलं, बाहेरची बाधा झाली, असं म्हणत भगताकडे धाव घेतली जाते. झटक्यांवर मॅग्नेशियम सल्फेट हे जुनं, स्वस्त औषध आहे. ३३ देशांतल्या दहा हजारांवर बायकांवर झालेल्या आणि २००२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘मॅगपाय’ चाचणीत त्याने झटक्यांचा धोका निम्म्याहून कमी केला. पण हे औषध द्यायला रक्तदाब वाढल्याचं आधी कळायला हवं. गरोदरपणातल्या मधुमेहाचंही तेच. बहुतेकींना काहीच जाणवत नाही, आणि ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्त तपासल्याशिवाय तो सापडत नाही.

आता धंद्याचा आरोप. याला खोटं म्हणता येणार नाही. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) देशातली २१.५ टक्के बाळंतपणं सिझेरियनने झाली. सरकारी दवाखान्यांत हे प्रमाण १४.३ टक्के होतं, खासगी दवाखान्यांत ४७.४ टक्के. बाई तीच, शरीर तेच, दार बदललं की पोट फाडण्याचं प्रमाण तिपटीहून अधिक. देशपातळीवर सिझेरियनचं प्रमाण दहा टक्क्यांच्या वर गेल्याने माता आणि बाळांचे मृत्यू आणखी घटत नाहीत, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली स्पष्ट सांगितलं आहे. मुहूर्त गाठण्यासाठी किंवा डॉक्टरच्या सोयीसाठी केलेल्या सिझेरियनचा राग यावा, आलाच पाहिजे.

पण तो राग चुकीच्या माणसावर निघतो. उपकेंद्रातली नर्सबाई दंडाला पट्टा बांधून बीपी मोजते, वजन करते, पोटावर हात ठेवून गर्भाची वाढ पाहते, बोटाला टोचून हिमोग्लोबिन बघते, लघवीत पट्टी बुडवते. यात कुणाचा बंगला उभा राहतो? गरोदरपणातल्या सगळ्यांत कामाच्या तपासण्या सगळ्यांत स्वस्त आहेत आणि सरकारी केंद्रात फुकट होतात. मोजणं आणि ढवळाढवळ करणं या दोन गोष्टींची सरमिसळ करून ‘नैसर्गिक’वाले एकाचं पाप दुसऱ्याच्या माथी मारतात.

खरं तर नीट मोजमाप झालं की ढवळाढवळ कमी होते. कळा सुरू झाल्यावर गर्भाशयाचं तोंड किती उघडलं, बाळाचे ठोके किती, आईची नाडी किती, हे तासातासाला एका आलेखावर भरायची पद्धत आहे. त्याला पार्टोग्राफ म्हणतात. इंडोनेशिया, मलेशिया आणि थायलंड इथल्या दवाखान्यांत ३५ हजारांवर बायकांवर त्याची परीक्षा झाली आणि १९९४ साली निष्कर्ष आले. अडलेली, लांबलेली बाळंतपणं ६.४ टक्क्यांवरून ३.४ टक्क्यांवर आली आणि तातडीची सिझेरियनही ९.९ वरून ८.३ टक्क्यांवर उतरली. ज्याला सिझेरियनची चीड आहे, त्याने तपासणीला शिव्या देण्याऐवजी ‘आलेख भरला का, दाखवा’ असं डॉक्टरला विचारावं.

तपासण्या कमी करून पाहिल्या तर? तेही करून झालं आहे. अर्जेंटिना, क्युबा, सौदी अरेबिया आणि थायलंडमध्ये भेटी कमी करण्याची मोठी चाचणी झाली. २००१ साली ती प्रसिद्ध झाली आणि थोड्या भेटींतही भागतं असं वाटलं. पुढच्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने चार भेटींचा आराखडा दिला. नंतर त्याच चाचणीची आकडेवारी पुन्हा तपासली, तेव्हा कमी भेटींच्या गटात बत्तीस ते छत्तीस आठवड्यांच्या सुमारास पोटातच बाळ दगावण्याचं प्रमाण जास्त असल्याचं दिसलं. २०१६ साली संघटनेने भेटींची संख्या आठवर नेली. या भानगडीत सगळ्यांत प्रामाणिक वर्तन कुणाचं असेल, तर आपलाच निर्णय मोजून पाहणाऱ्या आणि मोडणाऱ्या शास्त्राचं.

शिकलेल्या घरांत युक्तिवादाचा पोशाख बदलतो. तिथे आजीच्या जागी हॉलंड येतं. ‘नेदरलँड्ससारख्या पुढारलेल्या देशात बायका घरी बाळंत होतात.’ होतात, पण कोणत्या? तिथे प्रशिक्षित सुईण गरोदरपणभर तपासते आणि कुणाला डॉक्टरकडे पाठवायचं याची देशभर एकच यादी असते. यादीतलं एक जरी कारण निघालं, की घरचा बेत रद्द. इंग्लंडमध्ये कमी जोखमीच्या ६४ हजारांवर बायकांचा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. घरी बाळंत व्हायचं ठरवलेल्या पहिलटकरणींपैकी ४५ टक्के जणींना शेवटी दवाखान्यात हलवावं लागलं. ज्यांनी दवाखाना निवडला होता त्यांच्या बाळांना गंभीर इजा वा मृत्यू येण्याचं प्रमाण हजारामागे ५.३ होतं, घर निवडलेल्या पहिलटकरणींच्या बाळांचं ९.३. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेच्या बायकांत असा फरक नव्हता. म्हणजे घरचं बाळंतपण ज्या देशांत बऱ्यापैकी सुरक्षित आहे, तिथे ते देखरेखीच्या जोरावर आहे. ती वजा केली की काय होतं, हे दक्षिणेतल्या दोन घटनांनी दाखवलं. जुलै २०१८ मध्ये तमिळनाडूतल्या तिरुप्पूरमध्ये यूट्यूबवर पाहून घरी बाळंतपण करण्याचा प्रयत्न झाला. २८ वर्षांची शाळेतली शिक्षिका रक्तस्रावाने गेली. एप्रिल २०२५ मध्ये मलप्पुरम जिल्ह्यात पाचव्या खेपेला घरीच बाळंत झालेली बाई अशीच गेली, आणि मलप्पुरम आहे केरळात, मातामृत्यू देशात सगळ्यांत कमी असलेल्या राज्यात.

दुसऱ्या बाजूलाही चार शब्द सुनवायला हवेत. दवाखान्यात नाव घातलं, कार्ड मिळालं, म्हणजे देखरेख झाली असं मानणारे कमी नाहीत. पाचव्या पाहणीत देशातली ८८.६ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झाली होती, पण गरोदरपणात निदान चार तपासण्या झालेल्या बायका ५८.१ टक्केच होत्या आणि लोहाच्या गोळ्या १८० दिवस घेतलेल्या अवघ्या २६ टक्के. म्हणजे बाई बाळंतपणापुरती दवाखान्याच्या दारात पोचते, त्याआधीचे महिने कोरे असतात. जोखमीच्या बायकांच्या कार्डावर लाल खूण करायची आणि बाकीच्यांना निर्धास्त सोडायचं, हाही भ्रमच. गुंतागुंत झालेल्यांत पुष्कळ जणी आधी ‘कमी जोखमीच्या’ म्हणूनच नोंदलेल्या असतात. ॲलन रोझनफील्ड आणि डेबोरा मेन यांनी १९८५ साली ‘लॅन्सेट’मध्ये माता-बाल आरोग्याच्या कार्यक्रमांत माता कुठे आहे, असा सवाल केला होता, तो आजही शिळा झालेला नाही.

बेळगावची लेक सविता हलप्पनवार हिचं उदाहरण याच कारणासाठी विसरता कामा नये. ती दंतवैद्य होती, आयर्लंडमधल्या गॉलवे शहरात राहत होती. ऑक्टोबर २०१२ मध्ये सतराव्या आठवड्यात गर्भपात होऊ लागला म्हणून ती विद्यापीठाच्या मोठ्या रुग्णालयात दाखल झाली आणि आठवड्याभरात जंतुसंसर्गाने गेली. गर्भपातबंदीच्या कायद्याविरुद्ध तिचं नाव जगभर गाजलं, आणि ते योग्यच झालं. पण आयर्लंडच्या आरोग्य नियामकाने २०१३ साली दिलेल्या अहवालात आणखी एक गोष्ट होती. पाणमोट फुटलेल्या बाईची नाडी, ताप, रक्तदाब ठरल्या वेळेला पाहिले गेले नव्हते, रक्ताच्या तपासणीतली धोक्याची खूण कुणी पाठपुरावा करून पाहिली नव्हती. वाचवण्याच्या १३ संधी हुकल्या, असं अहवाल म्हणतो. भोवती सगळी यंत्रं होती. नियमाने मोजणारं, आणि मोजलेलं वाचणारं माणूस नव्हतं. त्या वर्षी आयर्लंडने गरोदर व बाळंत बायकांसाठी धोक्याची पूर्वसूचना देणारा तक्ता देशभर लागू केला.

त्याच बेळगावच्या खेड्यांनी उलटं उदाहरणही दिलं आहे. तिथल्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाच्या पुढाकाराने १६२० बायकांवर चाचणी झाली. डॉक्टर हजर नसलेल्या बाळंतपणांत सहायक परिचारिकांनी बाळ जन्मल्याबरोबर मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या दिल्या आणि वाहिलेलं रक्त खुणा केलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत मोजलं. अर्ध्या लिटरहून जास्त रक्तस्राव होणाऱ्यांचं प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आलं. २००६ साली हे प्रसिद्ध झालं. अशाच खुणांच्या पिशव्यांची पुढे केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि तांझानियातल्या ८० रुग्णालयांत चाचणी झाली. २०२३ साली आलेल्या निष्कर्षांत, नजरेच्या अंदाजावर चालणाऱ्या रुग्णालयांत निम्मेच रक्तस्राव ओळखले जात होते. पिशवीने मोजलं आणि लगेच ठरलेले उपचार एकत्र केले, तिथे ९३ टक्के ओळखले गेले आणि गंभीर परिणाम ६० टक्क्यांनी घटले. ज्या बाईचं हिमोग्लोबिन आधीच सातच्या खाली आहे, तिला अर्धा लिटर रक्तही परवडत नाही. म्हणून गरोदरपणातलं बोटाचं रक्त आणि बाळंतपणानंतरचं पिशवीतलं रक्त या दोन मोजण्या एकमेकींना जोडलेल्या आहेत.

मातामृत्यूंचा अभ्यास करणारे तीन उशीर सांगतात. दवाखान्यात जायचं ठरवण्यातला, पोचण्यातला आणि पोचल्यावर उपचार मिळण्यातला. दुसऱ्या-तिसऱ्या उशिराला सरकार जबाबदार आहे. मेळघाटातले आणि नंदुरबारमधले पाडे रस्त्याला लागले नाहीत, रक्तसाठा तालुक्याला नाही, भूलतज्ज्ञ रजेवर, हे सगळं खरं. दिवस भरत आलेल्या आदिवासी बाईला प्राथमिक आरोग्य केंद्रापाशी आधीच राहायला आणणारी ‘माहेरघर’ योजना, १०८ ची गाडी, दर महिन्याच्या नऊ तारखेची मोफत तपासणी या योजना याच दोन उशिरांवर बेतलेल्या आहेत आणि त्या कागदावरून जमिनीवर आणण्यासाठी भांडावं लागतं. पहिला उशीर मात्र घरात होतो, आणि त्याला प्रतिष्ठा मिळते ती शेतातल्या बाळंतपणाच्या गोष्टीमुळे. ‘थांबू जरा, आमच्या वेळी असं काही नव्हतं’ म्हणत घालवलेली रात्र सरकारच्या नावावर टाकता येत नाही.

शेवटचा आक्षेप सगळ्यांत वजनदार आहे. शरीर तिचं, निर्णयही तिचा असावा. अगदी मान्य. पण मग निर्णयाला लागणारी माहितीही तिच्या हातात पडायला हवी. बहुतेक ठिकाणी रक्तदाब आणि हिमोग्लोबिनचे आकडे कार्डावर लिहिले जातात आणि कार्ड सासूच्या नाहीतर नवऱ्याच्या पिशवीत जातं. ‘तुझा रक्तदाब इतका आहे, इतका झाला की त्याच दिवशी यायचं, बाळाची हालचाल कमी वाटली तर सकाळपर्यंत थांबायचं नाही, बाळंतपणानंतरही डोकं दुखलं, अंगावरून जास्त गेलं, ताप आला तर सव्वा महिना संपायची वाट बघायची नाही’ एवढं बोलायला पाच मिनिटं लागतात. ती पाच मिनिटं तिला मिळतात का, उपकेंद्रातलं बीपीचं यंत्र चालू आहे का, लघवीच्या पट्ट्या शिल्लक आहेत का, ग्रामीण रुग्णालयात रक्त ठेवायची सोय आहे का आणि रात्री दोन वाजता तिथे कोण असतं, हे प्रश्न ग्रामसभेत किंवा नगरसेवकाला कुणालाही विचारता येतात.